किनाऱ्यासमोरच्या हंगामी तरंगत्या वॉटर पार्कची परवानगी कशी मिळवावी

हवा भरलेल्या घसरगुंड्या, उड्या मारायच्या गाद्या आणि चढायचे मनोरे एकमेकांना जोडून, ते सार्वजनिक किनाऱ्यासमोर दिवाळीपासून मेपर्यंत तरंगत ठेवायचे, असा बेत घेऊन येणारे बहुतेक उद्योजक पहिल्या भेटीत उत्पादकाचा रंगीत कॅटलॉग टेबलावर ठेवतात. सिंधुदुर्गातील किनाऱ्यांसाठी अशा फाइली तयार करताना माझा अनुभव असा आहे की कॅटलॉग शेवटी लागतो. प्रत्येक कार्यालय वेगवेगळ्या शब्दांत विचारत असते ते एवढेच, की हा पार्क पाण्यातून कधी, किती वेळात आणि कोणाच्या हाताने बाहेर निघणार. त्यामुळे अर्ज लिहायला घेताना काढण्याचा आराखडा आधी लिहावा आणि उभारणीचा नंतर.

याला कारण कोकणचा हंगाम आहे. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत, येथील जलक्रीडा बंद असतात. कागदोपत्री सप्टेंबर मोकळा असला, तरी नारळी पौर्णिमेनंतरही बरेच दिवस समुद्र पुरता निवळलेला नसतो. त्यामुळे कोजागिरीनंतर उभारणी आणि १५ मेच्या आत उतरवणी हीच मुदत मागावी. मात्र ही मुदतदेखील सुरक्षित समजू नये. फयान चक्रीवादळ कोकणावर आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये, ओखीच्या लाटा किनाऱ्यावर आदळल्या त्या डिसेंबर २०१७ मध्ये, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये आले आणि तौक्ते मे २०२१ च्या मध्याला सिंधुदुर्गाच्या समोरून गेले. ही चारही वादळे ऐन पर्यटन हंगामाच्या आतली किंवा त्याच्या उंबरठ्यावरची आहेत, आणि अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ती तोंडपाठ असतात.

दिवाळीत पार्क सुरू करायचा असेल, तर कामाला जानेवारीत लागावे. गणपतीनंतर सुरू केलेली फाइल त्या हंगामात पूर्ण झालेली मी पाहिलेली नाही.

जागा एक, क्षेत्रे तीन

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना समोर ठेवली की लगेच लक्षात येते की हा प्रकल्प एकाच क्षेत्रात बसत नाही. पार्क तरंगतो तो ओहोटीच्या रेषेपलीकडील पाण्यावर, म्हणजे सीआरझेड-४ अ मध्ये; पार्ककडे जाण्याची वाट आणि काही दोर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून, म्हणजे सीआरझेड-१ ब मधून जातात; आणि तिकीटखिडकी, कपडे बदलण्याच्या खोल्या व प्रसाधनगृह बहुतेक गावांत ग्रामीण किनाऱ्यावरच्या जमिनीत, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये येते. सीआरझेड-३ मधील तात्पुरत्या पर्यटन सुविधांना मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या अधीन राहून आणि भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून वाव आहे. पाण्यावरच्या भागाचा निर्णय मात्र वेगळ्या पातळीवर होतो, कारण सीआरझेड-१ व ४ मधील मंजुरीचे प्रस्ताव सर्वसाधारणपणे राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात.

अधिसूचनेत तरंगता वॉटर पार्क असा स्वतंत्र प्रकार दिलेला नाही. त्यामुळे आपला पार्क बांधकाम आहे, होडी आहे की खेळाचे साहित्य आहे, हे स्वतः ठरवून पुढे जाऊ नये. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला सविस्तर वर्णन पाठवून, मंजुरी लागते का आणि लागल्यास कोणत्या पातळीवर, याचे लेखी उत्तर घ्यावे. सोबत अधिकृत संस्थेने १:४००० प्रमाणात काढलेल्या नकाशावर आपला आराखडा चढवून जोडावा. तोंडी मिळालेल्या "काही लागत नाही" या उत्तरावर लाखो रुपयांचे साहित्य मागवणाऱ्यांची नंतर फार कुचंबणा होते.

मालवण परिसरात आणखी एक रेषा पाहावी लागते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपासचे पाणी त्यात येते आणि ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा क्षेत्राचा भाग आहे. आपली जागा या रेषेच्या आत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. तेथे प्रवाळांवर नांगर टाकण्याची कल्पनाही फाइलीत येऊ देऊ नये. माझा सल्ला विचाराल तर अशी जागा सोडून द्यावी. वायंगणी किंवा तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, तेव्हा तेथे रात्रीचे प्रखर दिवे आणि वाळूवरची वाहने यांना पूर्ण मनाई ठेवल्याचे अर्जात स्वतःहून लिहावे.

जमीन, पाणी आणि उपक्रम

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालची जागा शासनाची असते. म्हणून वाळूच्या वापराचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ग्रामपंचायतीकडे नव्हे, जरी ग्रामपंचायतीच्या ठरावाशिवाय तो पुढे सरकत नसला तरी. पाण्याच्या वापरासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांकडे जावे. सिंधुदुर्गाचे काम वेंगुर्ला येथून चालते. त्या अर्जात पार्कच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ओहोटीच्या वेळची खोली, होड्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेपासूनचे अंतर आणि सीमा दाखवणाऱ्या पिवळ्या बोयांचा व रात्रीच्या पिवळ्या दिव्यांचा तपशील असावा. बचावाची होडी हे स्वतंत्र जलयान असल्याने तिची नोंदणी, तपासणी आणि चालकाचा परवाना वेगळा जोडावा लागतो. याशिवाय २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे उपक्रमाची नोंदणी करावी आणि सार्वजनिक करमणुकीच्या परवान्याबाबत पोलिसांकडे चौकशी करावी. २०२० च्या किनारी कुटी (बीच शॅक) धोरणात तारकर्ली व कुणकेश्वर यांची नावे आहेत म्हणून तेथे हा पार्कही आपोआप चालेल, असा समज काही जण करून घेतात. ते धोरण वाळूवरच्या कुटींचे आहे, पाण्याचे नाही.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल एक सूचना. "सदर उपक्रमास ग्रामपंचायतीची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचा ठराव पुढच्या कार्यालयात टिकत नाही. ठरावात जागेची हद्द, सुरू व बंद होण्याच्या तारखा, रोजची वेळ, एका वेळी पाण्यात असणाऱ्यांची कमाल संख्या आणि पोहण्यासाठी सर्वांना मोकळा राहणारा पट्टा, हे सर्व उल्लेख करून घ्यावेत. किनारा सार्वजनिक आहे. तिकीट न काढणाऱ्या माणसाला वाळूवरून चालत जाता आलेच पाहिजे, आणि हे नकाशावर दिसले पाहिजे.

रापणीची जागा

सर्वांत जास्त वेळ मच्छीमारांसाठी राखून ठेवावा. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेले आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त माणसांनी ओढलेले जाळे. त्याला तळाशी अडथळा नसलेली मोकळी जागा लागते, आणि मासळीचा थवा दिसला की त्याच क्षणी जाळे टाकावे लागते. पार्कच्या वेळापत्रकाची वाट थवा पाहत नाही. आमच्या एका जुन्या फाइलीत आम्ही उपग्रह छायाचित्रावरून जागा निवडली होती, कारण छायाचित्रात ती रिकामी दिसत होती. ते छायाचित्र भर दुपारचे होते आणि रापण ओढली जात होती पहाटे. बैठकीत रापण संघाच्या एका वयस्कर सभासदाने चष्मा कपाळावर चढवला, नकाशावर बरोबर आमच्या चौकोनाच्या मधोमध बोट ठेवले आणि म्हणाले, "हय आमची रापण पडता." चौकोन हलवावा लागला, खोलीची मापे पुन्हा घ्यावी लागली आणि हंगामाचा दीड महिना हातचा गेला. चूक आमची होती. तेव्हापासून मी नकाशा काढण्याआधी सलग काही पहाटा त्या वाळूवर घालवतो आणि मच्छीमार सोसायटी व रापण संघ या दोघांचेही लेखी म्हणणे घेतो, कारण एकाची संमती दुसऱ्याला बांधून ठेवत नाही.

मच्छीमारांची मुख्य भीती पार्कची नसते, तो जागेवर धरून ठेवण्यासाठी तळाशी टाकलेल्या आणि मागे राहणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांची असते. वाळूत अर्धा रुतलेला एक ठोकळा महागडे जाळे फाडायला पुरेसा होतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक द्यावा, त्याचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ती यादी संघाच्या हाती द्यावी.

नांगर आणि दोर

ठोकळ्यांचा हिशेब करताना नेहमी होणारी चूक अशी की जमिनीवरचे वजन धरले जाते. एक घनमीटर काँक्रीट जमिनीवर सुमारे २,४०० किलो भरते, पण समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १,०२५ किलो पाणी बाजूला सारते, म्हणून तळाशी त्याचे वजन उरते १,३७५ किलोच्या आसपास. आराखड्यात हाच आकडा धरावा. दोराची लांबीही भरतीवरून ठरते. मालवणकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन-अडीच मीटरचा फरक पडतो (मुंबईकडे तो पाच मीटरच्या आसपास जातो), तेव्हा ओहोटीला तीन मीटर पाणी असलेल्या जागी भरतीला साडेपाच मीटर होते. खोलीच्या तिप्पट दोर धरला तर तो साडेसोळा मीटर लागेल. मात्र ओहोटीला तोच दोर सैल पडून पार्क जागेवरून सरकतो, म्हणून दोरात ताण घेणारा लवचीक तुकडा घालावा आणि पार्क जास्तीत जास्त किती सरकेल ते वर्तुळ नकाशावर दाखवावे. घसरगुंडीखाली किती पाणी हवे याचा उत्पादकाने दिलेला आकडा उधाणाच्या ओहोटीला तपासावा, भरतीला नव्हे.

वाऱ्याकडेही असेच पाहावे. दुपारी खारे वारे पार्कला किनाऱ्याकडे ढकलतात, तेव्हा सुटलेला तुकडा वाळूवर येतो. रात्री आणि पहाटे मतलई वारे उलट दिशेने वाहतात आणि तेव्हा सुटलेला तुकडा खोल समुद्रात जातो. म्हणून रात्रीचा पहारा केवळ चोरीसाठी नसतो, आणि पहारेकऱ्याला होडी चालवता यायला हवी.

सुरक्षा आराखडा

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. हंगाम संपायला अवघे काही दिवस उरले होते. त्यानंतर सुरक्षेचे प्रकरण कोणीही वरवर वाचत नाही. "पुरेसे जीवरक्षक नेमण्यात येतील" हे वाक्य लिहूच नये. त्याऐवजी पार्कचा आराखडा घेऊन प्रत्येक जीवरक्षकाची उभे राहण्याची जागा, तेथून दिसणारा भाग आणि न दिसणारा भाग रंगवून दाखवावा. मनोऱ्यामागची बाजू आणि गाद्यांखालचे पाणी हे नेहमी न दिसणाऱ्या भागात येतात. माणूस पडल्यावर पार्कखाली जाऊ शकतो, म्हणून तेथे पाण्यात उतरलेला जीवरक्षक ठेवावा. जीवरक्षकांचे आणि होडीचालकांचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या मान्य ठिकाणचे असावे. साहित्यासाठी आयएसओ २५६४९ या तरंगत्या करमणूक साहित्याच्या मानकाचे प्रमाणपत्र मागवावे, प्रत्येक जॅकेटवर क्रमांक छापावा आणि दर फेरीनंतर जॅकेटे मोजावीत. जॅकेट कमी भरले तर पुढची फेरी सोडायची नाही, हा नियम तिकीटखिडकीवर लावावा. सार्वजनिक दायित्व विमा घेताना पॉलिसीत "समुद्रातील तरंगते साहित्य" असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते वाचूनच सही करावी.

काढण्याचा आराखडा

येथे आकडे लिहावेत: हवा सोडायला किती तास, तुकडे ओढायला किती माणसे, कोणता ट्रॅक्टर, कोणते गोदाम. हे आकडे कॅटलॉगमधून न घेता एकदा प्रत्यक्ष पार्क उतरवून मोजावेत आणि शक्य असल्यास बंदर अधिकाऱ्यांना त्या वेळी बोलवावे. पार्क केव्हा रिकामा करायचा आणि केव्हा पाण्याबाहेर काढायचा, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. उत्पादकाने दिलेली वाऱ्याची मर्यादा ओलांडली किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला, की माणसे बाहेर. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची हवामान विभागाची सूचना आली, की पार्कच बाहेर, मग दिवाळीची सुट्टी का असेना. हा निर्णय कोण घेणार, त्याचे पदनाम लिहावे. मालक पुण्यात आणि व्यवस्थापक फोनवर, अशी रचना मान्य होत नाही.

हंगाम संपल्यावर शेवटचा ठोकळा वर आला की पाणबुड्याकडून तळाची चित्रफीत घ्यावी, संघाच्या आणि ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींसमोर क्रमांकांची यादी जुळवून पंचनामा करावा आणि अनामत घेतली गेली असेल तर तो जोडून ती परत मागावी. पुढच्या वर्षीच्या अर्जात हा पंचनामा पहिल्या पानावर लावावा, कॅटलॉग त्याच्या मागे.