पाण्यापलीकडचं ग्रीन: अवघड पार-३ होल कसा खेळावा

रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर एखादा तरी पार-३ होल (तीन फटक्यांत संपवायचा टप्पा) असा असतो, की टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) उभं राहिलं की समोर नुसतं पाणी दिसतं. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचा सतरावा होल त्यांत सगळ्यात नावाजलेला. पीट डाय यांनी आखलेला हा कोर्स १९८० साली सुरू झाला. बाकीच्या कोर्ससाठी इथली वाळू उपसली गेली, मोठा खड्डा उरला, आणि ग्रीनचं (छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं) बेट करायचं त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी सुचवलं. अंतर जेमतेम १३७ यार्ड. तरी तिथे नावाजलेल्या खेळाडूंचेही चेंडू बुडतात. अशा होलवर मी छिद्रात रोवलेल्या झेंड्याकडे बघून खेळणं सोडलं आणि माझे चेंडू वाचू लागले.

टी वेगवेगळ्या अंतरांवर असतात, म्हणून सुरुवात टी निवडण्यापासून करा. तुमचा नेहमीचा फटका पाणी आरामात ओलांडेल, तीच टी तुमची.

मग अंतर मोजा, आणि इथे घाई करू नका. अंतर मोजायचा लेझर झेंड्याचं अंतर सांगतो. तुम्हाला ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड हवी. समजा पुढची कड १२५ यार्डांवर आहे, मध्य १३८ वर, आणि झेंडा १२९ वर. झेंड्याच्या हिशेबाने क्लब (चेंडू मारायची काठी; प्रत्येकीचं अंतर वेगळं) काढला आणि फटका पाच यार्ड कमी बसला, तर चेंडू पाण्यात. मध्याचा क्लब काढला, तर दहा यार्ड कमी पडूनही तुम्ही ग्रीनवर. मात्र घरंगळणं यात धरू नका. चेंडू हवेतून किती जातो तेवढंच मोजा.

वारा टीवर कळत नाही, कारण टी बहुधा झाडांच्या आडोशाला असते. गवताची चिमूट उडवाच, पण झाडांचे शेंडे, पलीकडचा झेंडा आणि पाण्यावरच्या लहरीही बघा. वारा समोरून असेल तर एक पायरी लांब मारणारा क्लब घ्या आणि फटका हलका ठेवा. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि अलीकडेच पडतो.

टीच्या खुणांच्या मागे दोन क्लबांच्या लांबीएवढी जागा तुमची असते. तीत सपाट जागा शोधा. चेंडू गवताच्या पात्यांपेक्षा किंचित वर राहील इतकीच टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचा.

पाणी दिसलं की पिशवीतून जुना चेंडू काढायची सवय मला बरीच वर्षं होती. ती मोडा. जुना चेंडू हातात घेतला की फटका बुडणार हे मनाने आधीच मान्य केलेलं असतं, आणि मग स्विंग अर्ध्यात आखडतो. एकदा पूर्ण सराव-स्विंग घ्या, उभे राहा, मारा. चेंडू कुठे गेला ते बघायला लगेच मान वर करू नका. तसं केलं की क्लब चेंडूच्या डोक्यावर बसतो.

बुडालाच, तर पेनल्टीचा एक फटका धरून पुढचा तिसरा. पाण्याची हद्द दाखवणारे खुंटे पिवळे असोत वा लाल, टीवरून पुन्हा मारता येतं, किंवा चेंडू पाण्याच्या हद्दीत शिरला तो बिंदू आणि झेंड्याचं छिद्र यांच्या सरळ रेषेत, पाण्याच्या मागे ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. लाल खुंट्यांना त्या बिंदूपासून दोन क्लबांच्या लांबीच्या आत, छिद्राच्या जवळ न जाता ड्रॉप घ्यायची जादा सवलत आहे. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. कोर्सने ड्रॉप झोन (ड्रॉपसाठी ठरवून दिलेली जागा) दिला असेल तर मी तोच घेते, पण तिथे अंतर नव्याने मोजून. ते बहुधा बरंच कमी असतं, आणि मघाचाच क्लब रागाने फिरवला तर चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या पाण्यात जातो.