कमी पैशात गेमिंग पीसी घ्यायचाय? मग ग्राफिक कार्ड ओळखायला शिका

"आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट, फक्त १८ हजार." अशी जाहिरात दिसली की फोन करू नका. आय सेव्हनच्या पुढचा नंबर तिथे मुद्दाम लिहिलेला नसतो. विचारलात तर २६०० नाहीतर ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२ सालचा प्रोसेसर, कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला, आणि ते ४ जीबीचं कार्ड बहुतेक वेळा जीटी ७३० असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो (हे दोन त्याच्या फार आधीचे), आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही पीसीच्या सुरक्षेच्या सोयी) असल्याशिवाय चालूच होत नाही. म्हणजे पोराने ज्या गेमसाठी हट्ट केला तोच त्या पीसीवर नीट चालणार नाही. हे पैसे कुणीतरी महिनोन्महिने बाजूला टाकलेले असतात, म्हणून मला या जाहिरातींचा मनापासून राग येतो.

मी नातेवाइकांना, मित्रांना, सोसायटीतल्या पोरांना बरेच पीसी जोडून दिलेत. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी गेमची यादी, मग बाकी सगळं

कागदावर लिहून काढा, कुठले गेम खेळायचे आणि कुठल्या मॉनिटरवर. व्हॅलोरंट, सीएस २, माइनक्राफ्ट एवढंच असेल तर खर्च अर्ध्यावर येतो. जीटीए ५ असेल तर थोडा वाढतो. दरवर्षीचे नवीन मोठे गेम पाहिजेत तर कार्डावरच जोर द्यावा लागेल. कमी बजेटला मॉनिटर १०८० पी, २४ इंचाच्या आसपासचा, विषय संपला. १४४० पी चा घेतलात की कार्डावरचं ओझं भलतंच वाढतं. घरात जुना चालू मॉनिटर असेल तर तोच वापरा आणि ते पैसे कार्डात घाला.

आणि बजेट ठरवताना कीबोर्ड, माउस, यूपीएस सगळं धरून ठरवा, नाहीतर शेवटी कात्री एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला लागते.

प्रोसेसर आणि बोर्ड

इथे फार डोकं लावू नका. इंटेलचा आय थ्री १२१०० एफ किंवा एएमडीचा रायझेन ५ ५६००, दोन्ही कमी बजेटच्या कार्डाला पुरून उरतात. ५६०० ला फायदा हा की सहा कोअर मिळतात आणि पुढेमागे त्याच बोर्डावर ५८०० एक्स बसतो. मागे 'एफ' असलेल्या इंटेलला स्वतःचं डिस्प्ले आउटपुट नसतं, ५६०० लाही नसतं, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. बोर्ड इंटेलला एच ६१० आणि रायझेनला बी ४५० चालतो, बी ४५० घेतलात तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या असं दुकानात बजावून सांगा.

कार्डाचे पैसे आत्ता नाहीचेत अशी परिस्थिती असेल तर रायझेन ५ ५६०० जी घ्या, त्याच्या आतल्या ग्राफिकवर व्हॅलोरंट आरामात चालतो, आणि कार्ड सहा महिन्यांनी टाका. स्वस्तातलं टुकार कार्ड आत्ता घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ग्राफिक कार्ड: खरी मेहनत इथे करा

हा भाग मलाही सुरुवातीला फार जड गेला होता, कारण दुकानदार एक बोलतो, यूट्यूबवाला दुसरं, आणि कार्डांची नावं कंपन्यांनी अशी ठेवलीत की माणूस गोंधळणारच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, जीबी म्हणजे ताकद नाही. ती फक्त कार्डावरची मेमरी आहे. पातेलं मोठं असलं म्हणून गॅसची आच वाढत नाही. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीचं मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचं, पण एक २०१४ चं डेस्कटॉपला डिस्प्ले मिळावा म्हणून काढलेलं कार्ड आणि दुसरं २०१९ चं गेमसाठी काढलेलं, दोघांची बरोबरीच होत नाही. तेव्हा "भाऊ, ४ जीबीचं कार्ड आहे" असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न एकच, मॉडेल कुठलं? सांगता येत नसेल तर तिथून निघा.

दुसरी गोष्ट, एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. आरटीएक्स ३०५० बघा. २०२२ चं ८ जीबीचं, त्यात २५६० कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १२८ बिटचा बस (मेमरीकडे जायचा रस्ता). २०२४ ला त्याच नावाने ६ जीबीचं आलं, त्यात कोअर २३०४ आणि बस ९६ बिटचा. फक्त दोन जीबी कमी असं नाही, कार्डच वेगळं आहे. जीटीएक्स १०६० चंही तेच, ३ जीबीवाल्यात कोअरही कमी. जीटी १०३० मध्ये जीडीडीआर ५ आणि साधी डीडीआर ४ अशा दोन जाती, डीडीआर ४ वालं फारच मंद. आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते ती आरएक्स ५८० मध्ये. खऱ्या ५८० ला २३०४ कोअर असतात, पण चीनच्या बाजारासाठी काढलेलं '२०४८ एसपी' नावाचं एक आहे, ते कामाला आरएक्स ५७० एवढंच. ऑनलाइन अनोळखी ब्रँडचं कोरं करकरीत ५८० स्वस्तात दिसलं की ते बहुधा हेच असतं. म्हणून कार्डाचं पूर्ण नाव घ्या, टेकपॉवरअपच्या साइटवर टाका आणि कोअर, बस, मेमरीचा प्रकार तिथे जुळवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग घ्यायचं कुठलं? माझं ठाम मत, १०८० पी साठी आरएक्स ६६००, नवीन परवडलं तर नवीन, नाहीतर जुनं. ८ जीबी मेमरी, वीज फक्त १३२ वॉट, आणि रे ट्रेसिंगचं, म्हणजे गेममधला प्रकाश-सावली खऱ्यासारखी दाखवायचं हार्डवेअर आत आहे. हे शेवटचं महत्त्वाचं झालंय, कारण २०२४ पासून काही मोठे गेम असे यायला लागलेत की ते हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत, इंडियाना जोन्सचा गेम तसाच, २०२५ चा डूमही तसाच. जीटीएक्स १६६० सुपर कार्ड म्हणून चांगलं आहे पण हे त्याच्यात नाही. तुमच्या यादीत असे गेम नसतील तर १६६० सुपर बिनधास्त घ्या. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वगैरे दहाच्या सिरीजची कार्डं मात्र आता सोडून द्या, नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर त्यांना २०२५ च्या ऑक्टोबरनंतर बंद झाले. आरएक्स ६५०० एक्सटी पण नको, ते बोर्डाशी चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं, जुन्या तिसऱ्या जनरेशनच्या स्लॉटमध्ये टाकलं की स्पीड पडतो.

आता जुनं कार्ड. कमी बजेटला जुनं कार्ड घेणं हाच शहाणपणाचा रस्ता आहे, "सेकंडहँड अजिबात नको" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. "माइनिंगचं (क्रिप्टो नाणी मिळवायला रात्रंदिवस चालवलेलं) असेल तर हात लावू नका" हे पण मी मानत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं माइनिंग बंद झालं आणि हजारो कार्डं बाजारात आली, त्यातली नीट ठेवलेली आजही छान चालतायत. कार्ड आधी काय करत होतं यापेक्षा आत्ता काय अवस्थेत आहे ते बघा, आणि ते फोटोवरून कळत नाही.

विकणाऱ्याच्या घरी जा, जिथे कार्ड चालू पीसीला लावलेलं आहे तिथे. "स्टेशनबाहेर भेटू, कार्ड देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम) घेऊन जा. आधी जीपीयू-झेड उघडा. कार्डाचं बायोस बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असेल, जसं जीटीएस ४५० ला १०५० टीआय म्हणून दाखवतात, तर २०१८ नंतरचं जीपीयू-झेड नावापुढे सरळ 'फेक' लिहून दाखवतं. कोअरचा आकडा तिथेच बघून घ्या. मग फरमार्क दहा मिनिटं लावा आणि स्क्रीनकडे बघत बसा, गप्पा मारू नका. रंगीत ठिपके, चौकटी, रेघा, क्षणभर काळी स्क्रीन, यातलं एकही दिसलं की उठा. तापमान चढून एका आकड्यावर थांबलं पाहिजे, ८५ च्या पुढे चढतच चाललंय तर नको. जीपीयूचं (कार्डाच्या मुख्य चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट (त्या चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांच्यात २५ च्या वर फरक असेल तर चिपची उष्णता बाहेर नेणारी आतली पेस्ट वाळलीय, तेवढे पैसे कमी करून मागा. फॅनचा आवाज कान लावून ऐका, हवेचा आवाज चालतो, टकटक चालत नाही. त्यानंतर एखादा खरा गेम पंधरा मिनिटं चालवा, कारण फरमार्कमध्ये पास झालेलं कार्ड गेममध्ये अडकताना मी बघितलंय.

मग पीसी बंद करून कार्ड हातात घ्या. मागची लोखंडी पट्टी आणि स्क्रू बघा, मुंबई, कोकण, गोवा इकडच्या दमट हवेत पहिला गंज तिथे चढतो आणि तिथे जास्त असेल तर आतही असणार. पोर्टमध्ये हिरवट पावडर दिसली तर नको. सगळ्या पोर्टांना केबल लावून बघा, एकच पोर्ट चालू असलेली कार्डं फिरत असतात. बिल मागा, सिरीयल नंबर बिलाशी जुळवा. काही कंपन्यांची वॉरंटी सिरीयलवर चालते, काहींना बिल लागतंच, ते त्या कंपनीच्या साइटवर आधीच बघून जा.

पैसे कार्ड बघून झाल्यावरच द्यायचे. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, ॲडव्हान्स पाठवा, कुरिअर करतो" हा प्रकार अजून जोरात चालू आहे, आयकार्डाचा फोटो पाठवतात, लोक विश्वास ठेवतात. एक रुपयाही आधी नाही. कोणी अडकलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढा लवकर कराल तेवढी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एसएमपीएस

कॅबिनेटसोबत जो फुकट येतो तो परत द्या. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, ते वाचूच नका, बाजूचं स्टिकर वाचा. तिथे १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट झाले, प्रोसेसर आणि कार्ड दोघांना मिळून एवढेच. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर ३६ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॉट. आरएक्स ६६०० ला एएमडी स्वतः ४५० वॉटचा एसएमपीएस सांगते, तो असा ४५० पाहिजे. ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का असलेला, निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. कार्डाची ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली पाहिजे, जोड लावून बनवलेली नको. आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, तेवढ्यात हा पीसी बसतो पण प्रिंटर, राउटर, स्पीकर सगळं त्यालाच लावू नका.

रॅम, एसएसडी, कॅबिनेट

रॅम १६ जीबी, ८-८ च्या दोन, एकच १६ ची नको, ५६०० जी घेणार असाल तर हे दुप्पट लागू. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव खूप चढले, त्यामुळे आधीच्या व्हिडिओतलं बजेट धरून दुकानात गेलात तर धक्का बसेल, त्या दिवसाचा भाव विचारूनच गणित करा. एसएसडी ५१२ जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी, वेगवान जातीची). कॅबिनेट समोरून जाळीचं, काचेचं बंद तोंड असलेलं विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर अजिबात नको.

दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात तर तीन-चार दुकानांतून कोटेशन कागदावर घ्या, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून. तोंडी भावाला अर्थ नाही. "हा एसएमपीएस संपलाय, हा घ्या, सेमच आहे" असं ऐकलं की थांबा, मॉडेल शोधा, मग हो म्हणा. बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचतो असं सांगतील, पण वर्षभराने बोर्ड गेला की वॉरंटीसाठी दाखवायला हातात काहीच नसतं. बिल घ्या आणि त्याच्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

घरी आल्यावर

मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच पळत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) वाढवा, तो बऱ्याचदा ६० वरच अडकलेला असतो. इंटेलच्या बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण प्रोसेसर बसवताना निघतं, ते फेकू नका, खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीला बोर्ड पाठवताना त्या सॉकेटच्या पिना उघड्या राहिल्या आणि एखादी वाकली तर तो बोर्ड परत घेतला जात नाही.