कोकणात बसून इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या जुन्या फुटबॉल खेळाडूचा माग कसा काढायचा

मोठ्या क्लबांचे स्टार सगळ्यांना पाठ असतात, मला मात्र दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेली माणसं जास्त जवळची वाटतात. आपल्याकडे कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट, फुटबॉलचं वेड बघायचं तर घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं, पण हे काम रत्नागिरी-मालवणात बसूनही होतं, नेट आणि चिकाटी पाहिजे.

पहिलंच नाव एकदम अनोळखी घेऊ नका. आधी ज्याची माहिती पक्की आहे असा खेळाडू घेऊन हात बसवा. मी तर प्लिमथ अर्गाईल क्लबचा जॅक लेस्लीच सांगेन, लंडनच्या कॅनिंग टाऊनचा, वडील जमैकाचे, हातात बॉयलरमेकरचं काम, १९२१ पासून प्लिमथकडे, सगळ्या स्पर्धा धरून ४०१ मॅच आणि १३७ गोल. १९२५ मध्ये इंग्लंडसाठी त्याचं नाव पेपरात आलं आणि मग गायब झालं, कारण त्याचा रंग. २०२३ मध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, मानाची कॅप (देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती टोपी) दिली, तेव्हा तो जाऊन पस्तीसेक वर्षं झाली होती. वाचताना अजून राग येतो.

लीगची रचना आधी समजून घ्या, नाहीतर करिअर कळतच नाही. तिसरी डिव्हिजन १९२० ला सुरू झाली, १९२१ ला साउथ आणि नॉर्थ अशी दोन झाली, आणि दोन्हीकडून फक्त पहिला नंबर वर जायचा. प्लिमथ १९२२ ते १९२७ सलग सहा सीझन दुसरे आले आणि तिथेच अडकले, वर गेले ते १९३० ला. त्यामुळे ‘खालच्या डिव्हिजनचा म्हणजे कमी दर्जाचा’ असं धरून चालू नका.

आता माणूस पक्का करणं, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. जॉन स्मिथ, टॉम जोन्स शेकड्यांनी सापडतात. फ्रीबीएमडी या वेबसाइटवर जन्म, लग्न, मृत्यूची इंडेक्स फुकट बघता येते, आणि सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही असतं, ते फार कामाला येतं. मग १९२१ ची जनगणना. १९३१ ची शोधत बसू नका, ती १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. थेट २९ सप्टेंबर १९३९ च्या रजिस्टरवर जा, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेल्या लोकांच्या नोंदणीवर, तिथे जन्मतारीख आणि कामधंदा दोन्ही मिळतात. मधली अठरा वर्षं पेपरातून भरायची. मुंबईला गिरणीत गेलेल्या आजोबांचा पत्ता मनीऑर्डरच्या पावत्यांवरून लावतात ना, तसंच हे, एकेक तारीख जोडत जायचं.

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह या जुन्या पेपरांच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे, पान उघडायला पैसे. म्हणून आधी तारखांची यादी करा आणि मगच महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घ्या, शक्यतो पावसाळा सोडून, लाईट आणि नेट गेलं की पौंड फुकट जातात. नुसतं आडनाव टाकू नका, सोबत क्लबचं नाव टाका. टीम छापायची पद्धत ठरलेली, गोलकीपर, मग दोन बॅक, तीन हाफ (मधल्या फळीतले), पाच फॉरवर्ड, प्रत्येक ओळीत उजवीकडून डावीकडे, त्यामुळे शर्टावर नंबर नसले तरी (लीगने ते १९३९ मध्ये सक्तीचे केले) कोण कुठे खेळला ते कळतं. नावं अकराच, लीगमध्ये सबस्टिट्यूट १९६५ पर्यंत नव्हते. आणि ‘ए. एन. अदर’ नावाचा खेळाडू बऱ्याच क्लबांत दिसेल, तो माणूस नाही, जागा अजून ठरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मॅचच्या आधी छापलेली टीम आणि नंतरचा रिपोर्ट दोन्ही बघा.

पेपर का वाचायचे तर जो पेनचं बघा. १३ एप्रिल १९३६, लूटनने ब्रिस्टल रोव्हर्सला १२-० हरवलं, त्यात पेनचे १० गोल. तक्त्यात एवढंच दिसतं. पण तो राखीव हाफबॅक होता, फॉरवर्ड कमी पडले म्हणून त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला उभा केला, ही खरी गोष्ट पेपरात मिळते.

आकडे मोजताना दोन जागी सांभाळा. विगन बरोने १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये लीग सोडली, त्यांच्या त्या सीझनच्या मॅच रेकॉर्डमधून काढून टाकल्या. १९३९-४० चा सीझनही युद्धामुळे सुरुवातीलाच बंद पडला, त्या मॅचही धरत नाहीत. मी त्या वेगळ्या लिहितो, पुसत नाही, कारण माणूस त्या दिवशी खेळला होताच की.

पैशाचं जरूर लिहा. १९२२ पासून जास्तीत जास्त पगार सीझनमध्ये आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६, आणि खालच्या क्लबांत बऱ्याच जणांना तेवढाही नाही. सीझन संपला की क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला विकणार याच्या याद्या पेपरात यायच्या, त्या चुकवू नका. करार संपला तरी खेळाडूचं रजिस्ट्रेशन क्लबच्या हातात, त्यांनी सोडल्याशिवाय लीगच्या दुसऱ्या क्लबकडे जाता यायचं नाही, त्यामुळे एखादा अचानक लीगबाहेरच्या छोट्या क्लबात दिसला तर कारण बहुतेक या यादीत सापडतं.

शेवटी खेळ सुटल्यावरचं आयुष्य. लेस्लीने म्हातारपणी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या बूटरूममध्ये खेळाडूंचे बूट साफ केले. तुमच्या माणसासाठी मृत्यूची इंडेक्स आणि मृत्युपत्रांची सरकारी यादी बघा, त्यात बऱ्याचदा शेवटचा पत्ता मिळतो. तो मिळाला की त्या गावाच्या लायब्ररीत स्थानिक इतिहास बघणाऱ्यांना एक ईमेल टाका. प्रश्न एकच आणि नेमका विचारा, ‘या तारखेच्या आसपास याच्याबद्दल पेपरात काही आलं होतं का’ एवढाच.