हाडं टाकू नका, मोजायचीत

रविवारी आमच्याकडं जेवणं झाली की ताटं लगेच मोरीत जात नाहीत. आधी सगळ्यांची हाडं एका वाडग्यात गोळा होतात आणि वाडगा काट्यावर चढतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आईनं विचारलं, "अरे, कुत्र्याला घालायची हाडं कशाला मोजतोस?" आता तीच पोरांवर ओरडते, "हाडं टाकू नका रे, त्याला मोजायचीत."

मी सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुताची आवक बघतो. सूत वजनावर येतं, आणि कापसाचं सूत हवेतली ओल पितं. कोरड्या सुतावर साडेआठ टक्के ओल धरायची, हा आमच्या धंद्यातला ठरलेला हिशेब. ओलं वजन आणि कोरडं वजन यातला फरक रोज बघणारा माणूस मी, आणि मटणाच्या बाबतीत चार महिने गंडलो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. वहीत रोज 1700 कॅलरी लिहीत होतो आणि काटा 94 किलोवरून हलत नव्हता.

चूक अशी होती. शिजलेले तुकडे ताटात घ्यायचो, ते मोजायचो, आणि आकडा लावायचो कच्च्या मांसाचा.

ज्याच्या घरी कडक भाकरी होते त्याला हे समजावून सांगावं लागू नये. 70 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची मऊ भाकरी आमच्या काट्यावर 110 ग्रॅम भरली. तीच वाळवून कडक केल्यावर 72. पीठ तेवढंच, म्हणजे दोन्हींत कॅलरी साधारण 245. गेलं ते पाणी. मांसाचंही हेच. अर्धा किलो बोनलेस चिकन मी तव्यावर शिजवलं, उरलं 370 ग्रॅम. अमेरिकेच्या शेती खात्याच्या तक्त्यात कोंबडीच्या छातीचं मांस कच्चं 100 ग्रॅमला 120 कॅलरी आणि भाजलेलं 165 आहे. कच्च्यानं हिशेब केला तर 600, शिजलेल्यानं केला तर 610, म्हणजे जुळतं. पण 370 ला 120 चा भाव लावला तर 444 येतात. दीडशे कॅलरी वहीतून गायब, पोटातून नाही.

म्हणून मांस कच्चं असतानाच मोजा. धुऊन, पाणी निथळून, हळद-मीठ लावायच्या आधी. दुकानातलं वजन धरू नका. चिकनच्या दुकानात भाव बऱ्याचदा जिवंत कोंबडीचा असतो, तिथं 2 किलो मोजलेली कोंबडी साफ होऊन माझ्या घरी 1 किलो 300 आली होती. आणि कातडी काढून घेतली का, ते वहीत लिहा. त्याच तक्त्यात कच्चं चिकन कातडीसकट 215 आहे आणि कातडीशिवाय 119. गावरान कोंबडी जाळावर भाजून कातडीसकट करतात, तिला 119 लावून स्वतःला फसवू नका.

मटणाचा घोटाळा वेगळा. 'मटण' नावाचा एकच आकडा नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शेळीचं चरबी नसलेलं मांस 100 ग्रॅमला 118 कॅलरी आहे आणि मटण म्हणून दिलेलं मांस 194. ॲपमध्ये 'मटन' टाकलं की बऱ्याचदा परदेशी मेंढीचा आकडा येतो, तो आणखी वरचा. आपल्याकडं उस्मानाबादी जातीचा बोकड कापला जातो, म्हणून चरबी काढलेल्या मटणाला मी 118 धरतो. पुण्याकडं बोल्हाईचं मटण म्हणून मेंढीच खाणारी घरं आहेत, त्यांनी मेंढीचा आकडा लावावा. विजापूर वेशीकडं मी ज्यांच्याकडून घेतो त्या चाचांना पहिल्यांदा विचारलं, "चाचा, बोकड आहे ना?" तर ते चिडले. "साहेब, वीस वर्षं घेताय आणि आज विचारताय?"

संस्थेचे 2017 चे नवे तक्ते वापरणार असाल तर एक बघा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. 4.184 नं भागल्याशिवाय वहीत उतरवू नका. मी एकदा तसाच उतरवला आणि एका जेवणाच्या दोन हजार कॅलरी बघून रात्री जेवलोच नाही.

आता हाडं. मी एक किलो मटण आणतो. चरबीचा मोठा गोळा घरी काढून टाकतो, तो साधारण 40 ग्रॅम निघतो. आईला तो टाकवत नाही, कधीकधी त्यातच फोडणी होते. तसं झालं तर कच्च्या चरबीच्या ग्रॅममागं 7 कॅलरी धरतो, कारण तिच्यातही थोडं पाणी असतं. उरलं 960. जेवणानंतर हाडं भरली 250. म्हणजे मांस 710 ग्रॅम. शिजलेलं हाड आणि कच्चं हाड यांच्या वजनात थोडा फरक पडतो, पण तो दहा-वीस ग्रॅमचा, सोडून द्या. नळी चोखून झाल्यावरच हाड वाडग्यात टाका. आमचा धाकटा नळी ताटावर आपटून आपटून रिकामी करतो. हिशेबाला तो सगळ्यात सोयीचा माणूस.

वाटण आणि तेल. इथंही माझे चार महिने गेले होते. तेल पळीनं मोजायचं नाही, कारण आईची पळी आणि बायकोची पळी एक नाही, आणि आई "वरून जरा" म्हणून घालते ते कुठल्याच पळीत येत नाही. त्यापेक्षा तेलाची किटली स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवा आणि नंतर पुन्हा ठेवा. जेवढं कमी झालं तेवढं पातेल्यात. कुणाला काही विचारायला लागत नाही, भांडण होत नाही. खोबरं, तीळ, खसखस भाजायच्या आधी मोजा. गेल्या रविवारचा माझ्या वहीतला हिशेब असा:

मटण 710 ग्रॅम – 838
तेल 66 ग्रॅम – 594
सुकं खोबरं 40 ग्रॅम – 264
तीळ आणि खसखस मिळून 20 ग्रॅम – 110
कांदा पाव किलो – 100
आलं, लसूण, काळं तिखट – 130
एकूण – 2036

तेल आणि खोबरं मिळून 858. मटणापेक्षा जास्त. हे बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "मग मटण खा की, रस्सा कमी घे." चार महिने मी तुकडे कमी आणि रस्सा भरपूर घेत होतो, तुकड्यांतच सगळं असतं असं समजून.

आता वाटणी. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा. कुकर भरलेला मोजू नका, बरेच घरगुती काटे 5 किलोचे असतात आणि रश्शासकट कुकर त्याच्या वर जातो. पातेल्यात ओता, मोजा, पातेलं वजा करा. आमचं 2420 भरलं, हाडं वजा जाता 2170. 2036 ला 2170 नं भागलं तर एका ग्रॅमला 0.94 कॅलरी. माझ्या वाडग्यात 390 ग्रॅम आलं, माझी हाडं निघाली 70. खाल्लं 320, म्हणजे 300 कॅलरी. हाडांचा एकूण आकडा जेवणानंतर येतो, म्हणून हा भागाकार ताट उचलल्यावर करायचा. आधी घाई करून उपयोग नाही.

यात एक मेख आहे, तवंग. 0.94 हा आकडा खरा ठरायला पातेलं तळापासून ढवळून वाढायला हवं. वरची तर्री ज्याच्या वाटीत गेली त्याच्या वाटीत तेल गेलं. मी एकदा एका वाटीवरचा तवंग काढून फ्रीजमध्ये ठेवला, पाणी खाली बसल्यावर वरचं तेल चमच्यानं काढून मोजलं. 18 ग्रॅम, म्हणजे 162 कॅलरी, एका वाटीवर. तर्री काढून टाकत असाल तर ग्रॅममागं 9 प्रमाणं एकूण बेरजेतून वजा करा. आमच्याकडं ती टाकत नाहीत, माझा भाऊ घेतो.

पोरांसाठी अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, बाजूला काढता का? मग ती तिखट घालायच्या आधीच पातेल्यातून गेलेली असते. तीही मोजून लिहा. तेल पडायच्या आधी काढली तर तिच्यात मांसाचा आणि सुटलेल्या चरबीचाच वाटा असतो, 0.94 लावू नका. अळणी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली तर चरबी वर पांढरी थिजते, ती काढून काट्यावर ठेवली की काम सोपं. खिम्याच्या उंड्यांना एवढी कटकट नाही. सगळ्याची बेरीज करा, उंडे मोजा, भागा. फक्त खिमा करताना चाचांना चरबी घालू नका म्हणून सांगा, कारण एकदा कुटली की ती दिसत नाही.

आणि काटा खरा आहे का ते अधूनमधून बघा. किराणा दुकानदाराकडं शिक्का मारलेली वजनं असतात. मी कोपऱ्यावरच्या दुकानातलं 200 ग्रॅमचं वजन माझ्या काट्यावर ठेवून बघितलं, 200 दाखवलं. तोवर दुकानदाराला वाटलं मी त्याचंच वजन तपासायला आलोय.

उरलेल्या मटणाला रविवारचा आकडा सोमवारी चालत नाही. रात्री फ्रीजमध्ये ठेवताना हाडं निवडून मोजलं तर 640 ग्रॅम होतं, 602 कॅलरी. सोमवारी उकळी आणल्यावर रस्सा आटला, उरलं 560. कॅलरी 602 च, पण ग्रॅममागं आता 1.07 पेक्षा थोडं वर. त्यात कडक भाकरी चुरून खाणार असाल तर भाकरी चुरायच्या आधी रस्सा मोजा. एकदा भाकरीनं रस्सा पिला की कशाचं वजन किती, ते कुठल्याच काट्याला सांगता येत नाही.