घरच्या घरी स्लीप टेस्ट करताय? या चुका टाळा

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली माणसं डॉक्टरांकडे जातात तीच मुळी उशिरा. बीपी गोळ्यांना दाद देत नाही म्हणून, नाहीतर हायवेवर गाडी चालवताना डोळा लागला म्हणून. तोवर घरच्यांनी श्वास अडकलेला कितीतरी वेळा बघितलेला असतो. डॉक्टरांना संशय येतो तो स्लीप ॲप्नियाचा. झोपेत घशातली वाट मिटते, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि हेच रात्रभर चालू राहतं.

मग तो तपासायला एका रात्रीसाठी मशीन घरी मिळतं. छातीवर पट्ट्याने बांधायची छोटी डबी, नाकाशी नळी, बोटाला क्लिप. दवाखान्यात मुक्काम करायच्या मानाने हे सोयीचं आणि स्वस्त आहे, आणि योग्य पेशंटमध्ये चांगलं काम करतं. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या: तुम्ही झोपलात की नुसते डोळे मिटून पडलात, हे यातल्या बहुतेक मशिनांना कळत नाही. दवाखान्यातल्या झोपेच्या लॅबमध्ये डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात, तशी सोय इथे नसते. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथे आहे.

कुणीही करावी अशी ही टेस्ट नाही

शेजारच्या काकांनी केली म्हणून आपणही करू, असं होत नाही. हार्ट फेल्युअर, पूर्वी आलेला पॅरॅलिसिसचा झटका, फुप्फुसांचा जुना आणि गंभीर आजार, स्नायूंची कमजोरी, किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं रोज चालू असणं, यातलं काहीही असेल तर लॅबमधलीच पूर्ण तपासणी हवी. अशा पेशंटमध्ये श्वास थांबण्याचं कारण घशात नसून मेंदूच्या सूचनेतही असू शकतं आणि घरचं मशीन तिथे कमी पडतं. लहान मुलांसाठीही ही टेस्ट सुचवली जात नाही. टॉन्सिल वाढलेलं पोरगं रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

मनगटावर घड्याळासारखं बांधायचं मशीनही मिळतं. त्याचं काम बोटातल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावर चालतं. पेसमेकर असेल, हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील किंवा प्रोस्टेटसाठी, बीपीसाठी अल्फा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ते मशीन घेण्याआधीच सांगा. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. 'साधीच गोळी आहे' म्हणून गाळू नका.

आणखी एक. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर अजून घरोघरी आहे. सकाळी उठून बोटाला लावायचा, 97 दिसलं की 'मला काही नाही' म्हणायचं, हे चुकीचं आहे. जागेपणी ऑक्सिजन बहुतेकांचा व्यवस्थितच असतो. तो उतरतो झोपेत, आणि श्वास सुरू झाला की पुन्हा वर येतो.

रात्र चुकीची निवडणं

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, गावची जत्रा, घरात पाहुणे: अशा रात्री मशीन आणू नका. ज्या रात्री तुम्ही तासभर तरी खिडकीशी उभे राहणार, ती रात्र टेस्टची नव्हे. सर्दीने नाक चोंदलं असेल तरी तारीख पुढे ढकला. नाकाशी हवाच येणार नसेल तर नळी काय मोजणार?

उद्यमबागेत किंवा कुठल्याही कारखान्यात थर्ड शिफ्ट करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तुमची झोप सकाळी आठला सुरू होत असेल तर टेस्टही त्याच वेळी व्हायला हवी. 'रात्रीच लावायचं' म्हणून सुट्टीच्या रात्री कूस बदलत पडून राहिलात, तर मशीन तुमचं जागरण नोंदवील. मशीन देणाऱ्याला शिफ्ट सांगा. काही मशिनांत सुरू होण्याची वेळ आधी लावलेली असते, ती बदलून घ्या.

त्या दिवशी दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको. दारू घेतली तर घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास जास्त अडकतो, म्हणून ती टाळा. रोजच घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, ते ठरवतील. नेहमीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. उपाशी राहायचीही गरज नाही. नेहमीच्या वेळी जेवा.

नळी, पट्टा आणि क्लिप

सगळ्यात जास्त टेस्ट वाया जातात त्या इथे, म्हणून जरा थांबून वाचा.

नळीची दोन टोकं नाकपुड्यांत बसतात. त्यांचा बाक खालच्या बाजूला, ओठाकडे यायला हवा. उलटी लावली तर हवेचा झोत नीट पकडला जात नाही. नळी दोन्ही कानांवरून मागे घ्या, हनुवटीखाली आणा आणि सरकती कडी वर ओढून बेताने घट्ट करा. गालावर दोन्हीकडे चिकटपट्टी लावा. तेल किंवा क्रीम लावलेल्या गालावर पट्टी टिकत नाही, म्हणून आधी तोंड साबणाने धुऊन पुसा. दाढी असेल तर पट्टी दाढीच्या वर, गालाच्या हाडावर लावा.

पट्टा अंगावर थेट नको आणि स्वेटरवरूनही नको. पातळ बनियन किंवा गाऊन, त्यावर पट्टा, थंडी असेल तर त्यावर स्वेटर. साडी नेसून झोपणाऱ्या काकू-आजींनी त्या रात्रीपुरता गाऊन घातला तर बरं, निऱ्यांच्या आणि पदराच्या घड्यांवरून पट्टा सरकतो. उभं राहून बांधलेला पट्टा आडवं झाल्यावर सैल पडतो. म्हणून एकदा आडवे व्हा, दोन्ही कुशींवर वळून बघा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

क्लिपच्या बोटाला नेलपॉलिश नको, नखाला गडद मेंदीही नको. लग्नसराईत हात कोपरापर्यंत रंगलेले असतील तर मशीन घेतानाच दाखवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बोटं गार पडतात आणि गार बोटात नाडीचा सिग्नल क्षीण येतो. हात आधी ऊब देऊन घ्या, मग पांघरुणात ठेवा. वायर मनगटाशी चिकटपट्टीने अडकवा, म्हणजे कूस बदलताना क्लिप ओढली जात नाही. मच्छरदाणीत झोपत असाल तर आत गेल्यावर वायरी एकदा बघा.

हे सगळं दवाखान्यातच स्वतःच्या हाताने एकदा लावून दाखवा. समजावणारा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भराभर बोलत असेल तर 'परत सांगा, मराठीत सांगा' म्हणायला संकोच कशाला? लावून दाखवतानाचा व्हिडिओ मुलाला किंवा सुनेला मोबाईलवर घेऊ द्या. रात्री दहाला तोच कामाला येतो.

मध्यरात्री काही बिघडलं तर

नळी निघाली? परत लावा आणि झोपा. क्लिप सुटली तरी तेच. उशाला कागद-पेन ठेवा. कधी झोपायला गेलात, कधी जाग आली, काय सुटलं, किती वाजता उठलात, एवढं मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिलं तरी रिपोर्ट वाचणाऱ्याला फार मदत होते. मशीनला झोप कळत नाही, ती उणीव हा कागद भरून काढतो.

लघवीला उठताना मशीन काढू नका. डबी छातीवरच असते, तसेच जाऊन या. रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं हेसुद्धा स्लीप ॲप्नियात दिसतं, तेव्हा किती वेळा उठलात तेही लिहा.

लाईट गेली तर घाबरू नका. ही मशिनं बॅटरीवर चालतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यातही टेस्ट होऊ शकते. फक्त झोपण्याआधी डबीवरचा दिवा सांगितल्याप्रमाणे पेटलाय ना, ते बघा.

वायर तुटेल म्हणून रात्रभर उताणं ताठ पडून राहू नका. पाठीवर श्वास जास्त अडकतो, त्यामुळे आकडा तुमच्या नेहमीच्या रात्रीपेक्षा वर जाऊ शकतो. रोज जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर तिथेच झोपा.

रिपोर्टमधला 'नॉर्मल'

तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला, हा मुख्य आकडा. 5 पेक्षा कमी असेल तर नॉर्मल धरतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 आणि त्यावर तीव्र. पण या आकड्याआधी किती तासांची नोंद वापरण्याजोगी आहे ते बघा. निदान 4 तासांचा हवेचा आणि ऑक्सिजनचा चांगला सिग्नल हवा. तेवढा नसेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नये.

आता हिशेब करून बघा. मशीन 7 तास चाललं आणि श्वास 84 वेळा अडकला, तर तासाला 12, म्हणजे सौम्य. पण त्यातले 2 तास तुम्ही जागेच होतात. 84 ला 5 ने भागा: जवळपास 17, म्हणजे मध्यम. माणूस तोच, रात्र तीच. शिवाय ऑक्सिजन फारसा न उतरता नुसती झोप मोडणारे अडथळे या मशिनातून निसटतात. बायकांच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशा तक्रारी पुढे असतात, पाळी गेल्यावर धोका वाढतो, आणि एक 'नॉर्मल' कागद आला की घरात विषय संपतो.

तेव्हा लक्षणं कायम असताना रिपोर्ट नॉर्मल किंवा अर्धवट आला, तर डॉक्टरांना लॅबमधल्या पूर्ण तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. मशीनने आपोआप काढलेला आकडा आहे की कुणी तज्ज्ञाने नोंद स्वतः बघितली आहे, हेही विचारा. नुसतं एक पान न घेता सगळा रिपोर्ट मागून घ्या. निपाणी-चिकोडीकडचे लोक पुढच्या उपचारांना कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरकडचे गोव्याला किंवा हुबळीला. तिथल्या डॉक्टरांना आलेखासकट सगळी पानं लागतात. आणि पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हाच रिपोर्ट आधी दाखवा.