आपल्या शहराची हवा खरोखर सुधारली का, हे कसे तपासावे

रोज बातम्यांत झळकणारा हवा गुणवत्ता निर्देशांक म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात 2015 पासून देशभर वापरात असलेल्या या पद्धतीत आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक वेगवेगळे काढतात आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. समजा, हवा मोजणाऱ्या एखाद्या केंद्रावर 24 तासांत पीएम 2.5 ची (2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची) सरासरी घनमीटरला 75 मायक्रोग्रॅम आणि पीएम 10 ची (10 मायक्रॉनपर्यंतच्या सर्व कणांची) 130 भरली. पहिल्याचा उपनिर्देशांक सुमारे 150 येतो, दुसऱ्याचा सुमारे 120, आणि जाहीर होतात ते 150.

म्हणून वर्षांचा कल पाहायचा तर निर्देशांक बाजूला ठेवून, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून जवळच्या केंद्राचे या दोन्ही कणांचे मूळ आकडे उतरवून घ्यावेत. तुलना जानेवारीची जानेवारीशीच करावी, कारण हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि पावसाळ्यात धूळ धुऊन निघते. 2020 हे टाळेबंदीचे वर्ष आधारवर्ष धरू नये. त्याच्याशी ताडले तर शहराची हवा उगाच बिघडलेली दिसू शकते. केंद्र बरेच दिवस बंद असेल, तर त्या महिन्याची सरासरी सरळ सोडून द्यावी. भारतीय मानकानुसार पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीनुसार केवळ 5.

स्रोताचा अंदाज घेण्यासाठी पीएम 2.5 ला पीएम 10 ने भागावे. रस्त्यावरची व बांधकामाची धूळ जाड असते, त्यामुळे ती जास्त असेल तर भागाकार खाली येतो. वाहने, कोळसा, कचरा व लाकूड जळण्याने बारीक कण वाढून तो वर चढतो. वरच्या उदाहरणात तो 0.58 आहे, म्हणजे ज्वलनाचा वाटा मोठा. ही पायरी गाळू नये, कारण 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सुमारे 130 शहरांची प्रगती मुख्यतः पीएम 10 वर मोजली जाते, आणि रस्ते झाडून व पाणी मारून तो आकडा खाली आणता येतो, मात्र फुप्फुसांत खोल शिरणारे कण तसेच राहू शकतात.

शेवटी तासागणिक आकडे पाहावेत. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पीएम 2.5 सोबत नायट्रोजन डायऑक्साइडही चढत असेल, तर बोट वाहनांकडे जाते. सल्फर डायऑक्साइड चढत असेल, तर कोळशाकडे.