रील अर्ध्यात सोडून लोक का जातात? एडिटिंगमधल्या या चुका टाळा

होळीच्या आठवडाभर आधी एका काकूंचं पुरणपोळीचं फुटेज माझ्याकडे आलं. अकरा मिनिटांचं होतं आणि त्यातून मिनिटभराच्या आतला शॉर्ट (यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ) काढायचा होता. माझा पहिला कट असा सुरू होत होता: चॅनेलचा फिरता लोगो, मग हात जोडलेल्या काकू, "नमस्कार मंडळी, तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत", मग साहित्याच्या वाट्या. दिसायला छानच होता. पण चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणी किती जण अजून बघताहेत ते दाखवणारी रेघ, स्वागत संपायच्या आत खाली आला. पुरण नेमकं कधी झालं हे कसं ओळखायचं, ही काकूंची सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे होती. तिथवर फारसं कुणी पोचलंच नाही.

त्याच फुटेजमध्ये आठव्या मिनिटाला एक पोळी तव्यावर फुटली होती. "एवढं काढून टाक रे बाळा," असं काकू कॅमेऱ्यासमोरच म्हणाल्या होत्या आणि मी ते इमानदारीने काढलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांना विचारून तीच पोळी अगदी पहिल्या फ्रेमला घेतली. फुटलेली पोळी, तव्यावर करपणारं पुरण आणि वरून काकूंचा आवाज: "पुरण सैल राहिलं की असं होतं." पुढच्या शॉटमध्ये पातेल्यातल्या पुरणात उभा केलेला चमचा हळूहळू कलून आडवा होतो. मग पुरण पुन्हा आटवणं, डावाने घोटणं आणि शेवटी तोच चमचा ताठ उभा. हा व्हिडिओ लोकांनी शेवटपर्यंत पाहिला. चमचा उभा राहतो का, हे त्यांना बघायचं होतं.

तेव्हापासून एडिटिंगला बसताना मी आधी एकच गोष्ट कागदावर लिहितो: या क्षणी बघणाऱ्याच्या मनात कुठला प्रश्न आहे? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न नजरेतून निसटल्यामुळे होतात.

स्वागताने सुरुवात करणं

मोठ्या व्हिडिओवर माणूस थंबनेल बघून, स्वतः निवडून येतो. शॉर्ट्स किंवा रील्समध्ये तुमचा व्हिडिओ त्याने निवडलेला नसतो. अंगठा सरकला आणि तुम्ही समोर आलात, एवढंच. म्हणून नाव, लोगो, स्वागत यांना तिथे जागा नाही. गडबडीचा, बदलाचा किंवा निकालाचा शॉट पुढे आणा.

पण उलटी चूकही तितकीच वाईट. "शेवटी काय होतं ते बघाच" म्हणायचं आणि शेवटी काहीच दाखवायचं नाही. असा फसलेला माणूस पुढच्या वेळी तुमचं तोंड दिसताच वर सरकवतो. पहिल्या तीन सेकंदांत जे कबूल केलं, ते व्हिडिओत दिलंच पाहिजे.

आकडे बघतानाही एक घोळ होतो. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरतं, किमान किती वेळ पाहिला याची अट नाही. त्यामुळे व्ह्यूज वाढलेले दिसले तरी लोक थांबले असं समजू नका. किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी पुढे सरकवला, हा वेगळा आकडा स्टुडिओत मिळतो. सुरुवात जमली की फसली, ते तो सांगतो.

घाबरून कट मारत सुटणं

दर सेकंदाला कट, प्रत्येक शब्दावर झूम, प्रत्येक झूमला "सुर्रर्र" आवाज. ट्यूटोरियल बघून शिकलेल्या बहुतेक मुलांच्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे जोडायच्या पट्टीवर, हेच दिसतं. लोक कंटाळतील या भीतीने हे होतं, हे मला समजतं. पण डोळ्यांना धाप लागली की माणूस थांबत नाही, निघून जातो.

चमच्याचा तो शॉट मी जवळजवळ चार सेकंद न तोडता ठेवला. शॉर्टमध्ये चार सेकंद फार मोठे वाटतात. पण चमचा कलायला लागलेला असताना तिथे कट मारला असता, तर सगळी गंमत गेली असती. जिथे डोळ्यांदेखत काही बदलतंय, तिथे बदल पुरा होईपर्यंत हात आवरा. जिथे काहीच बदलत नाही, तिथे अर्धा सेकंदही ठेवू नका.

तपासायची सोपी रीत आहे. आवाज बंद करून व्हिडिओ बघा आणि प्रत्येक कटला विचारा, आता नवीन काय दिसलं? काहीच नसेल तर तो कट काढा. एकाच चौकटीतले दोन तुकडे जोडल्यावर बोलणाऱ्याचं डोकं टुणकन उडत असेल, तर मधे हाताचा किंवा भांड्याचा क्लोज-अप टाका. दुसरी युक्ती म्हणजे पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या थोडा आधी सुरू करणं. याला जे-कट म्हणतात. पुढचा आवाज कानावर पडला की डोळे आपोआप पुढच्या चित्राची वाट बघतात.

मराठी वाक्याचं शेपूट कापणं

यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही नंतर. श्वास संपत आलेला असतो, आवाज उतरलेला असतो. आणि मधल्या शांत जागा आपोआप कापणारं टूल फक्त आवाजाची पातळी मोजतं.

काकू म्हणाल्या होत्या, "डाळीचं पाणी टाकून द्यायचं नाही." त्याचीच तर कटाची आमटी होते! टूलने शेवटचं हळू म्हटलेलं "नाही" शांतता समजून उडवलं. उरलं: "डाळीचं पाणी टाकून द्यायचं." नेमका उलटा अर्थ. व्हिडिओ वर चढवण्याआधी काकूंच्या सुनेच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

तेव्हा ते टूल वापरायचं असेल तर किती हळू आवाजाला शांतता धरायचं ती मर्यादा बरीच खाली ठेवा, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सहा-सात फ्रेम जास्त सोडा आणि प्रत्येक वाक्याचा शेवट स्वतःच्या कानाने ऐका. कॅप्शनमध्येही (बोलणं पडद्यावर लिहून दाखवतात त्यात) "टाकून द्यायचं" एका कार्डावर आणि "नाही" पुढच्या कार्डावर जाऊ देऊ नका. अर्धा सेकंद का होईना, वाचणारा चुकीचं वाचतो.

देवनागरी कॅप्शन इंग्रजीसारखी वागवणं

प्रवासात, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी बसून लोक आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात. त्यांच्यासाठी कॅप्शन हाच आवाज असतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो. एकेक अक्षर उडत येण्याचं ॲनिमेशन लावलं की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. ॲनिमेशन हवंच असेल तर अख्ख्या शब्दाला द्या.

नवा फॉन्ट घेतला की मी आधी "पुऱ्या", "कोऱ्या" आणि "उद्घाटन" टाइप करून बघतो. तिथे तो तुटला तर बाद. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे मोफत फॉन्ट छोट्या पडद्यावर चांगले वाचता येतात. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडलंय का ते पाहा. आपोआप बनलेली मराठी कॅप्शन न वाचता कधीच टाकू नका, ती हमखास चुकतात. आणि कॅप्शन अगदी तळाला नको. तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं.

संगीत माणसावर चढवणं

हेडफोनवर एडिट करताना सगळं ठीक वाटतं. फोनच्या छोट्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत आणि तबला-बासरीत बोलणं बुडतं. शेवटचं मिक्सिंग फोनवर ऐका, शक्यतो पंखा चालू असलेल्या खोलीत. बोलणं सुरू झालं की संगीत खाली आलं पाहिजे. आवाज मुळात बारीक ठेवून "यूट्यूब वाढवेल" असंही समजू नका. ते फार मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर नेत नाही.

वेळ आहे म्हणून भरणं

ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट ३ मिनिटांपर्यंत चालतो, जानेवारी २०२५ पासून रीलही. मुभा आहे म्हणून ताणू नका. चमचा उभा राहिला की व्हिडिओ संपवायचा. त्यानंतरचं "आवडलं तर लाइक करा" कापा. सांगायचंच असेल तर मधे एका ओळीत दिसू द्या.

आणि हे तांत्रिक घोटाळे

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण शेवटी सुटतात? फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला कमी-जास्त चित्रं घेत) शूट करतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्यात गडबडतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या, मग टाइमलाइनवर टाका.

ट्यूबलाइटखाली पट्टे लहरत असतील, तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून शूट करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्यावरच्या दिव्याच्या लुकलुकण्याशी हा वेग जुळतो. एकदा पट्टे आले की एडिटिंगमध्ये ते नीट जात नाहीत.

आयफोनचं फुटेज एडिट केल्यावर पांढरट, भगभगीत दिसत असेल, तर ते एचडीआर आहे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करून शूट करा.

तयार फाइल फोनवर तपासायला व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला, तर ती दाबून लहान केली जाते. मग चमचा धूसर दिसतो आणि आपण उगाच एक्स्पोर्टची सेटिंग्ज बदलत बसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.